मिसामारीबद्दल आजी बोलत नाही

ताई,

मी २१ वर्षांची आहे, नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घर गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत. आई-वडील दोघंही भारतातच जन्मले. घरी तिबेटी, बाजारात झाडीपट्टीची मराठी आणि कॉलेजात हिंदी बोलते. तिबेट फक्त नकाशात पाहिलाय.

मी वाढले ती आजीच्या गोष्टीवर. आम्ही तिला मोमो-ला म्हणतो. १९५९ साली ती ११ वर्षांची होती. तिबेटच्या ल्होका भागातल्या गावातून घरची सगळी रात्रीची निघाली. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. तवांगच्या वरच्या खिंडीत बर्फ होता, आणि त्या बर्फात तिचा आठ महिन्यांचा भाऊ आईच्या अंगावरच गेला. दर १० मार्चला, ल्हासातल्या उठावाच्या स्मृतिदिनी, ती हे सांगते आणि आम्ही सगळे रडतो.

गेल्या वर्षी कथाकथन स्पर्धेत मी ही गोष्ट ‘मी’ म्हणून सांगितली, जणू ती ११ वर्षांची मुलगी मीच. पहिलं बक्षीस मिळालं. या उन्हाळ्यात आजीचे थोरले भाऊ कर्नाटकातल्या बायलाकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतून आले, त्यांना मी हौसेने व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बाळ खिंडीत गेलंच नाही. ते आसामात मिसामारीच्या छावणीत गेलं, उन्हाळ्यात, जुलाबाने. तुझी आजी तेव्हा शेजारीच होती.

तेव्हापासून मी चोर आहे असं वाटतंय. ज्या गोष्टीच्या जोरावर मी स्वतःला तिबेटी म्हणते, तीच खरी नसेल तर मी कोण? त्यात वडील म्हणतात, भारतीय पासपोर्टसाठी अर्ज कर, तुझा हक्क आहे. मला वाटतं, अर्ज केला की आजीची गोष्ट मी माझ्या हाताने पुसून टाकली. कॉलेजात ‘ए चायनीज’ म्हणून हाका मारतात ते वेगळंच. आजीला खरं काय ते विचारू का? आणि ती गोष्ट यापुढे सांगू की नको?

(नाव छापू नका.)

*

प्रिय लेकी,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून एक वाक्य माझ्याबरोबर फिरतंय. ‘तुझी आजी तेव्हा शेजारीच होती.’ तुझ्या आजीच्या भावाला तुझी चूक दाखवायची असती, तर बाळ कुठे गेलं एवढं सांगून ते थांबले असते. पुढचं वाक्य त्यांनी बहिणीसाठी जोडलं असावं. तिने काय पाहिलंय ते तुला कळावं म्हणून.

मिसामारीबद्दल तुला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून आधी ते. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा निघाले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात पोहोचले. त्यांच्या मागोमाग हजारो माणसं डोंगर उतरली. त्यांच्यासाठी आसामात मिसामारीला घाईघाईने बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या गेल्या. बऱ्याचशा भिक्षूंची रवानगी बंगालात बक्साच्या जुन्या तुरुंगात झाली. तिबेटच्या कोरड्या, थंड पठारावरची ही माणसं लोकरी कपड्यांनिशी आसामच्या उन्हाळ्यात उतरली होती. पाणी बाधलं, अन्न बाधलं, उष्मा सोसवला नाही. तिथे पुष्कळ माणसं दगावली, आणि तान्ही मुलं सगळ्यात आधी.

आता ११ वर्षांच्या मुलीच्या जागी बसून बघ. खिंड पार झाली, जीव वाचले, आईच्या पाठीवरचं बाळही वाचलं. मोठी माणसं सांगतायत, आता भीती नाही. आणि त्यानंतर, सुरक्षित ठिकाणी, घामाने चिकटलेल्या झोपडीत बाळ जातं. बर्फात गेलं असतं तर दोष बर्फाचा होता, पाठलाग करणाऱ्यांचा होता. छावणीतल्या मरणाचा दोष कोणाला द्यायचा? मला वाटतं, तुझ्या आजीने ते बाळ त्या झोपडीतून उचललं आणि वर खिंडीत नेऊन ठेवलं, जिथून आपला मुलूख दिसत होता. मुद्दाम नाही. ६५ वर्षांत, हळूहळू, सांगता सांगता. स्मृती पेटीत ठेवलेल्या शालूसारखी नसते, की काढावी तेव्हा तीच घडी. दर वेळी सांगताना ती नव्याने विणली जाते, आणि विणणारीला जिथे दुखतं तिथला धागा सरकतो.

याला खोटं म्हणू नकोस. बाळ होतं, बाळ गेलं, ती रात्रीची वाट होती, आई होती. सरकली ती जागा. आणि ती का सरकली हे समजून घेणं, हा तुझ्या वाट्याला आलेल्या गोष्टीचा सगळ्यात मौल्यवान भाग आहे असं मी मानते.

मी हे पुस्तकातून शिकलेलं सांगत नाहीये. माझं आडनाव मराठी असलं तरी माझी आई सिंधमधल्या हैदराबादची. फाळणीनंतर नऊ वर्षांची असताना कराचीहून बोटीने मुंबईला आली आणि कल्याणच्या लष्करी छावणीत, पुढे जिचं उल्हासनगर झालं तिथे, बराकीत वाढली. तिच्या गोष्टीतलं घर तीन मजली होतं, छपरावर मंघ होते, म्हणजे वारा पकडून खाली खोल्यांत सोडणारी हैदराबादी धुराडी. शाळेत मीही ते घर छाती फुगवून सांगायचे. मामा एकदा सहज म्हणाला, मजला एकच होता गं, आणि तोही भाड्याचा. मी १५ वर्षांची होते. आईने मला फसवलं म्हणून दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

आई गेल्यावर मावशीने वेगळीच गोष्ट सांगितली. छावणीत आल्यावर पहिली दोन वर्षं माझी आई शाळेत गेलीच नव्हती. लोकलच्या डब्यात गोळ्या-पेपरमिंट विकायची. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्या हातात डबा. हे आईने मला आयुष्यात एकदाही सांगितलं नाही. तीन मजली घराची गोष्ट मात्र शंभरदा सांगितली. आता मला वाटतं, मजले तिने माझ्यासाठी चढवले होते. मी गोळ्या विकणाऱ्या मुलीची मुलगी नसून वाऱ्याच्या घरातल्या मुलीची मुलगी असावी, म्हणून. आणि मला हवी होती ती गोळ्या विकणारी मुलगी. तिला मी भेटलेच नाही.

म्हणून तुला कळकळीने एक गोष्ट सांगते. तुझ्या आजीची गोष्ट खिंडीत संपत नाही. तू पत्रात १९५९ लिहिलंस आणि तिथून एकदम स्वतःच्या बी.ए.वर आलीस. मधली वर्षं कुठे गेली? मिसामारीनंतर छावण्यांमधल्या धडधाकट माणसांना रस्ते बांधायच्या कामावर पाठवलं गेलं, सिक्कीममध्ये, हिमाचलात, उंचावर, जिथली हवा सोसेल तिथे. बायकांनी मुलं पाठीला बांधून खडी फोडली. त्या रस्त्याच्या छावण्यांमधली ५१ मुलं जम्मूहून १७ मे १९६० रोजी धरमशाळेला आणली गेली, दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ हाती घेतला, आणि त्यातून पुढे तिबेटी मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. नॉर्ग्येलिंग वसली १९७२ मध्ये. म्हणजे तुझी आजी तुमच्या गावात आली तेव्हा २४ वर्षांची असणार. १२ ते २४. पोरीची बाई होण्याची सगळी वर्षं. ती कुठे होती? तिच्या हातात काय होतं, पाटी की हातोडा? तिने लग्न कोणत्या रस्त्याच्या कडेला केलं? तुझ्या आई-वडिलांपैकी ती ज्याची आई, त्याचा जन्म कोणत्या छपराखाली झाला?

मग जंगलातली ती पहिली वर्षं. थंडीच्या मुलखातली माणसं विदर्भाच्या मे महिन्यात कशी तगली, भाताची शेती कोणाकडून शिकली, आसपासच्या गावच्या बायकांशी पहिलं बोलणं कोणत्या भाषेत झालं? तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. कान देऊन ऐक, तुझी आजी कदाचित अजूनही गावाला ‘भंडारा’ म्हणत असेल. तसं म्हणत असेल तर त्या एका शब्दात तिची किती वर्षं आहेत बघ. आणि हिवाळ्यात शहरोशहरी फुटपाथवर लागणारी स्वेटरची दुकानं? तुमच्यातली किती घरं त्यावर उभी राहिली, हे मला सांगायला नको. थंडीचे तीन महिने आई-वडील परगावी आणि नातवंडं आजीपाशी, असं तुमच्याकडेही झालं असेल तर तू जी गोष्ट ऐकत वाढलीस ती ऐकायला तुला वेळ मिळाला तो या स्वेटरांमुळेच. ही गोष्ट १० मार्चच्या व्यासपीठावर कोणी सांगत नाही. पण तुझी आजी शरणार्थी म्हणून जगली ती मुख्यतः इथे, त्या वाटेवरच्या रात्रींमध्ये नव्हे. आणि या गोष्टीत तू आहेस. खिंडीच्या गोष्टीत तू नाहीस, म्हणून तर तुला ‘मी’ म्हणताना चोरटं वाटलं.

त्या ‘मी’बद्दल. मारियान हिर्श या अभ्यासक बाईंनी नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांबद्दल लिहिताना ‘पोस्टमेमरी’ असा शब्द वापरला. आईबापांनी भोगलेलं मुलांनी पाहिलेलं नसतं, पण गोष्टींतून, फोटोंतून, घरातल्या गप्पगप्प राहण्यातून ते इतकं आत उतरतं की आपलीच आठवण वाटू लागते. तुला रंगमंचावर तेच झालं. त्या क्षणी तुझं रडणं खरं होतं, यात मला शंका नाही. तरीही तुझ्या मनात जी बोच आहे ती मी काढून टाकणार नाही, कारण ती बरोबर जागी आहे. आजीचं दुःख तुझ्यात उतरलंय, पण ते तिचं आहे. पुढच्या वेळी गोष्ट सांगशील तेव्हा ‘माझी आजी सांगते’ इथून सुरू कर. मग बाळ खिंडीत गेलं असं आजी सांगते, आणि मिसामारीत गेलं असं तिचा भाऊ सांगतो, हे दोन्ही तुला ठेवता येईल. कोणालाही खोटं पाडायला नको. मला विचारशील तर ही गोष्ट बक्षीस मिळालेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे. अर्थात आजी आणि तिचा भाऊ दोघांनी हो म्हटल्याशिवाय मिसामारीचा भाग स्टेजवर नेऊ नकोस. बक्षीस परत वगैरे करायच्या भानगडीत पडू नकोस.

‘मी कोण’ या प्रश्नाला मी तयार उत्तर देणार नाही, पण एक अभ्यास सांगते, कारण तो मला स्वतःला उपयोगी पडला. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना २० साधे प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरात कधी काही वाईट घडलं का, असे. ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त माहीत होत्या त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता, आपल्या हातात काही आहे असं त्यांना जास्त वाटायचं. सगळ्यात जास्त बळ मिळायचं ते चढ-उतार दोन्ही असलेल्या गोष्टीतून. पडलो, उठलो, पुन्हा पडलो, एकमेकांना धरून राहिलो, अशी. ती मुलं निर्वासितांची नव्हती, हे खरं. पण त्या कसोटीला तुझी गोष्ट लावून बघ. तुला मिळाली ती फक्त उतरणीची. घर गेलं, बाळ गेलं, देश गेला. एवढ्याच गोष्टीवर उभं राहिलेलं तिबेटीपण कोणी नुसता तपशील बदलला तरी हलणारच. उठण्याचा भाग तुझ्या घरातच आहे, विचारला मात्र गेला नाही.

आता पासपोर्ट. यात भावनेआधी कायदा नीट माहीत हवा. नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक असते, आई-बाप कोणत्याही देशाचे असोत. तिबेटी याला अपवाद नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात सांगितलं आणि २०१६ मध्ये पुन्हा. तुझे आई-वडील दोघंही या काळात इथे जन्मले असतील तर ते नागरिकच आहेत, आणि त्यांच्या पोटी इथे जन्मलेली तूही. म्हणजे वडील कुठली मेहरबानी मागायला सांगत नाहीयेत. मात्र पासपोर्ट घेताना आरसी, म्हणजे तिबेटींना इथे राहण्यासाठी मिळणारं नोंदणीपत्र, परत करावी लागते, आणि वसाहतीतलं घर, जमीन, सवलती यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून अर्ज भरण्याआधी वडिलांनी आणि तू मिळून वसाहतीच्या सेटलमेंट ऑफिसात बसून सगळं विचारून घ्या, लेखी घ्या. विशेषतः घर कोणाच्या नावावर आहे ते.

राहिलं गोष्ट पुसली जाण्याचं. निर्वासित तिबेटींची स्वतःची सनद आहे, १९९१ ची. परिस्थितीमुळे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या माणसालाही तिबेटीपण राखता येतं, असं त्यातच म्हटलंय, आपली कर्तव्यं पाळली म्हणजे झालं. तुझ्या समाजाच्या मोठ्या माणसांनी हा विचार तुझ्या जन्माआधीच करून ठेवलाय. तुला आरसी सोडवत नसेल, आजीच्या आणि तुझ्या हातात एकाच रंगाचं पुस्तक असावं असं वाटत असेल, तर तेही मला समजतं, आणि तसं वडिलांना सांगण्यात काही चूक नाही. ‘अर्ज केला तर आजी पुसली जाईल’ या भीतीपोटी मात्र निर्णय घेऊ नकोस. ही भीती आजीची आहे का, ते तू तिला विचारलेलंच नाहीस. ज्या बाईने बाळ हरवलं, खडी फोडली आणि जंगलात घर बांधलं, तिला नातीने सीमेवर रांगेत उभं राहावं की आरामात पलीकडे जावं, याबद्दल तिचं काही मत असेल की नाही?

‘चायनीज’ म्हणणाऱ्या मुलांबद्दल एवढंच. हे चेष्टेत मोडत नाही, आणि तू हसून सोडून द्यायला बांधील नाहीस. घरदार ज्यांच्यामुळे सुटलं त्यांच्याच नावाने हाक मारली जाते, हे किती लागतं ते एका शिक्षिकेला तरी सांग. कॉलेजात तक्रार समिती असेल तर तिथे लेखी दे. मैत्रिणींना बरोबर ने. एकटी जाऊ नकोस.

आणि आजी. तिला ‘खरं काय ते सांग’ असं विचारू नकोस. भावाने काय सांगितलं तेही तिच्यासमोर मांडू नकोस. ७५ ओलांडलेल्या बाईची उलटतपासणी घेऊन तुला काहीही मिळणार नाही, तिला मात्र ते बाळ दुसऱ्यांदा गमवावं लागेल. दुसऱ्या टोकाने जा. तिच्या हाताशी बस, काही निवडायचं, सोलायचं, उकलायचं असेल तेव्हा. हात कामात असले की बायका बोलतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. छोटं विचार. आसामात पहिल्यांदा कोणतं फळ खाल्लंस? लोकरी चुबा, तुमचा तो लांब झगा, तिथे काढून ठेवला की अंगावरच होता? रस्त्याच्या कामावर दिवसाचे किती मिळायचे? नॉर्ग्येलिंगला पहिल्या रात्री कुठे झोपलात? ती मिसामारीशी आली आणि थांबली, तर तूही थांब. विषय तिच्यावर सोड. कदाचित ती बाळाबद्दल बोलेल, कदाचित कधीच बोलणार नाही. न बोलण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

ती तयार असेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड कर, तिबेटीतच. भाषांतर नंतर होईल, आवाज नंतर मिळत नाही. तिच्या भावाचंही वेगळं रेकॉर्ड कर, ते बायलाकुप्पेला असले तरी फोन आहेच. दोघांना एकत्र बसवून मेळ घालू नकोस. प्रत्येक रेकॉर्डिंगवर तारीख आणि जागा लिही. धरमशाळेतलं तिबेटी ग्रंथालय १९७० पासून आहे आणि तिथे वृद्धांच्या तोंडच्या आठवणी जपण्याचं काम चालतं. घरातल्यांनी हो म्हटलं तर एक प्रत तिथे देता येईल. नाही म्हटलं तर तुझ्या पेटीत राहील.

या कामाला दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नकोस. मी अशाच सुट्ट्यांची वाट बघत राहिले होते. येत्या शनिवारी घरी जा. पहिल्या दिवशी रेकॉर्डर वगैरे काही काढू नकोस, नुसती बस, आणि विचारायचंच झालं तर नॉर्ग्येलिंगच्या पहिल्या रात्रीपासून सुरू कर. तिने काय सांगितलं ते मला कळवायचं की नाही, ते तिला विचारूनच ठरव.

तुझी,
ताई